कंपनी, सरकारी वकिली आणि नगरपरिषद: तिन्हीकडे तुमचा अशील कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन दीड वर्ष जिल्हा न्यायालयात काम केलं, मग सात वर्षं एका उत्पादक कंपनीच्या कॉम्प्लायन्स, म्हणजे कायदेपालनाच्या, विभागात. आता सहायक सरकारी अभियोक्त्याची (सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलाची) परीक्षा द्यावीशी वाटते, आणि पुढे कधीतरी आपल्या गावच्या राजकारणात उतरायची इच्छा आहे. "हे एका आयुष्यात बसतं का, आणि कंपनीतली सात वर्षं फुकट गेली का?"

बसतं. मी १९८४ ते १९८९ साताऱ्यात वकिली केली. १९८९ ते १९९५ पुण्याजवळच्या एका कारखान्यात कायद्याचं खातं सांभाळलं. १९९५ पासून एकवीस वर्षं सरकारी अभियोक्ता होतो. २०१६ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत आमच्या नगरपरिषदेवर नगरसेवक म्हणून निवडून आलो. ठरवून आखलेला मार्ग नव्हता हा. पण आता मागे पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते: हातातलं कसब तिन्हीकडे बरोबर आलं, निष्ठा मात्र दर वेळी उंबऱ्याबाहेर ठेवून आत जावं लागलं. ज्यांना हे जमलं नाही ते माझे सहकारी हुशार असूनही अडचणीत आले.

आधी सनदेचं बोलू, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि वकिलांची नोंद ठेवणाऱ्या ज्या राज्य बार कौन्सिलच्या यादीत नाव आहे तिथे तसं कळवायचं. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल. तुम्ही कळवलं होतं का, ते प्रश्नात नाही, म्हणून मुद्दाम विचारतो. कळवलं नसेल तर परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हे काम करा. आणि त्या सात वर्षांत कंपनीच्या वतीने कामगार न्यायालयात वकीलपत्रावर सही केली असेल, तर एखाद्या जाणत्या वरिष्ठांचा सल्ला घेतल्याशिवाय अनुभवाचा एकही दाखला कुठे जोडू नका. "पाच मिनिटांचं काम होतं, तारीख घेऊन आले" असं पुष्कळजण सहज म्हणतात. नियमाला पाच मिनिटं आणि पाच वर्षं सारखीच.

आता वर्षांची मोजणी. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ प्रमाणे सात वर्षं लागतात. कंपनीतली वर्षं यांपैकी कशातच धरली जात नाहीत. सरकारी अभियोक्त्याची वर्षं मात्र धरली जातात. दीपक अगरवाल प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी अभियोक्ता पगार घेत असला तरी त्याचं काम न्यायालयात उभं राहून खटला चालवणं हेच आहे, त्यामुळे तो वकीलच राहतो. याउलट २००१ च्या सतीशकुमार शर्मा प्रकरणात हिमाचलच्या वीज मंडळातल्या विधी अधिकाऱ्याला ती वाट मिळाली नाही. कसोटी पदाच्या नावाची नाही, रोज काय करता याची आहे. म्हणून "विधी अधिकारी" नावाच्या जाहिराती पाहताना आत फाइली आहेत की न्यायालय, हे आधी तपासा. अभियोक्त्याच्या जाहिरातीतही वकिलीच्या वर्षांची अट असते. ती अक्षर न् अक्षर वाचा आणि तुमचं दीड वर्ष तिथे पुरतं का ते पाहा. पुरत नसेल तर थेट परीक्षेच्या मागे न लागता आधी न्यायालयात परत जा. हे ऐकायला कडू आहे, पण ३१ व्या वर्षी कळलेलं बरं.

म्हणजे सनदेच्या हिशेबात सात वर्षं बहुतांशी गेलीच. कामाच्या हिशेबात मात्र ती गेलेली नाहीत. हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही, म्हणून थोडं लांबवून सांगतो.

मी कारखान्यात गेलो तेव्हा कॉम्प्लायन्स हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. खात्याचं नाव पर्सोनेल अँड लीगल. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन गेली होती. कारखान्यावर अंतिम ताबा असणारा आणि कायद्याला जबाबदार असणारा तो ऑक्युपायर. कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच कुणीतरी एक, असं ठरलं, आणि कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आला. तोवर ऑक्युपायरच्या रकान्यात सरळ फॅक्टरी मॅनेजरचं नाव घालत असत. दुरुस्तीनंतरही कित्येक कंपन्यांना तेच हवं होतं. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात संचालकच ऑक्युपायर हे पक्कं झालं. पण निकाल येईपर्यंतची वर्षं आमच्यासारख्यांनी काढली. फॉर्म घेऊन संचालकांच्या केबिनबाहेर बसायचं आणि आत "माझंच नाव का?" हे ऐकून घ्यायचं.

तिथे शिकलो ते असं. कंपनीतल्या वकिलाचा अशील कंपनी असते, त्याचा साहेब नव्हे. रोज पगारपत्रकावर सही करणारा, वार्षिक शेरा लिहिणारा साहेब समोर दिसतो, कंपनी दिसत नाही. त्यामुळे घोटाळा होतो. आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, म्हणजे ईटीपीचा, वीजमीटर रात्रीच्या पाळीत जवळजवळ हलतच नाही असं माझ्या लक्षात आलं. मी अकरा दिवस रोज रात्री आणि सकाळी आकडे टिपले आणि दीड पानाची नोंद वर पाठवली. बोलावणं आलं. "वकीलसाहेब, असल्या गोष्टी तोंडी सांगायच्या असतात." मी म्हणालो, तोंडी सांगितलेलं तुमच्याही उपयोगाचं नाही. जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४७ खाली कारभार पाहणारा प्रत्येकजण जबाबदार धरला जातो. नोंद असेल तर कळल्यावर तुम्ही काय केलंत, हे दाखवता येईल. महिन्याभरात ईटीपीचा ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारा पंखा, दुरुस्त झाला. मला मात्र पुढचे सहा महिने बैठकांना बोलावलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुमच्याही वाट्याला आल्या असतील.

इथे एक ताजी गोष्ट जोडतो. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीचा पगारी वकील हा न्यायालयात वकिली करणारा नसल्यामुळे वकील-अशील गोपनीयतेचं पूर्ण संरक्षण त्याला मिळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ त्याला लागू नाही, कलम १३४ पुरतं मर्यादित संरक्षण आहे. तेव्हा कंपनीत लिहिलेली प्रत्येक नोंद उद्या न्यायालयात वाचली जाऊ शकते, असं धरून लिहा. भीतीने कमी लिहू नका. नेमकं लिहा: काय पाहिलं, कधी पाहिलं, कायदा काय सांगतो, काय करावं. विशेषणं नकोत.

दुसरं कसब तारखांच्या वहीचं. माझ्याकडे एक जाड वही होती. कारखान्याचा परवाना कधी संपतो, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र कधी, बॉयलरची तपासणी कधी, कंत्राटी कामगारांची विवरणपत्रं कधी. प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधीची एक तारीख लाल शाईने. तुमच्याकडे आज यासाठी सॉफ्टवेअर असेल. काम तेच. ही वही पुढे कुठे उपयोगी पडली ते शेवटी सांगतो.

१९९५ मध्ये सरकारी सेवेत आलो आणि पगार जवळपास निम्मा झाला. घरात कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. मी आलो तोच काळ महत्त्वाचा होता. त्याआधी महाराष्ट्रात दंडाधिकारी न्यायालयांतले अभियोक्ते पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली होते. जुने लोक त्यांना पोलीस प्रॉसिक्युटरच म्हणत. १९९५ मध्येच शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलीस खात्यापासून वेगळं करायला सांगितलं. कागदावर वेगळे झालो. ठाण्यातल्या निरीक्षकाच्या मनात वेगळे व्हायला पुढची दहा वर्षं लागली. तो यायचा आणि म्हणायचा, "आपली केस आहे, बघा." आपली कोण? तो तपास करतो, मी खटला चालवतो, आणि माझा अशील राज्य आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूसही त्याच राज्याचा नागरिक.

एका मारहाणीच्या खटल्यात आरोपीच्याच डोक्याला झालेल्या जखमेचं वैद्यकीय प्रमाणपत्र तपासाच्या कागदांत होतं, दोषारोपपत्राला जोडलेलं नव्हतं. मी ते बचाव पक्षाच्या वकिलाला दिलं. आरोपी सुटला. तपास अधिकारी दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी घरी येताना मला एकदाही वाटलं नाही की मी खटला हरलो. तुम्हाला हे वाचून अस्वस्थ वाटत असेल तर अभियोक्त्याच्या नोकरीचा पुन्हा विचार करा. ही नोकरी शिक्षा मिळवायची नाही. शिक्षा मिळाली तर ती योग्य माणसाला, योग्य पुराव्यावर मिळावी, यासाठी आहे.

रोजचं काम मात्र तुम्ही टीव्हीवर पाहता तसं नाही. सरकारी वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उज्ज्वल निकम येतात, पण विशेष सरकारी अभियोक्ता ही एका खटल्यापुरती, दहा वर्षांच्या वकिलीनंतरची नेमणूक असते. तुमच्या बोर्डावर रोज साठ-सत्तर प्रकरणं असतील, पंच फितूर झालेले असतील, साक्षीदाराला भत्ता मिळाला नाही म्हणून तो रागावलेला असेल, मुद्देमालाची चिठ्ठी गळून पडलेली असेल. साक्षीदाराला सरतपासणीआधी (म्हणजे मी त्याला न्यायालयात प्रश्न विचारण्याआधी) त्याचा जबाब वाचून दाखवायला मिळणारी दहा मिनिटं, हीच तुमची खरी तयारी.

आणि एक प्रसंग येणारच: वरून खटला मागे घ्यायचं पत्र येईल. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. शासन सुचवू शकतं, पण अर्ज अभियोक्त्याने स्वतःचं डोकं वापरून करायचा असतो आणि न्यायालयाची संमती लागते. आंदोलनांतल्या तीन खटल्यांचं असं पत्र माझ्याकडे आलं होतं. दोन रास्ता रोकोचे, घोषणा आणि जमावबंदी मोडल्याचे होते. त्यांचे अर्ज मी त्याच आठवड्यात केले आणि समाधानाने केले. तिसऱ्यात दगडफेकीत एसटीच्या चालकाचा एक डोळा गेला होता. त्यात मी अर्ज केला नाही. कारणं लिहून कळवली. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता: जखमेचं स्वरूप, ओळख परेडचा निकाल, चालकाचं वय, त्याची नोकरी. पुढे माझी बदली झाली. ती त्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

सेवेत असताना राजकारणाची तयारी करता येईल का, हा तुमच्या प्रश्नातला न विचारलेला भाग. नाही. न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत राहून पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेला दिशा देत होते, आणि त्याची किंमत त्यांनी बदल्यांच्या आणि संशयाच्या रूपाने मोजली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या उठावाच्या काळात रानड्यांना धुळ्याला पाठवलं गेलं होतं. आज तेवढीही मोकळीक नाही. १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम पक्षाचं सभासदत्व, प्रचार, निवडणूक, सगळं बंद करतात. मतदान करता येतं, कुणाला केलं ते सांगायचं नाही. मला हा नियम जाचक वाटला नाही. ज्या माणसाने सकाळी एखाद्या कार्यकर्त्याविरुद्ध साक्ष नोंदवायची, त्याने संध्याकाळी त्याच्या किंवा त्याच्या विरोधकाच्या मंचावर बसू नये. वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांच्या नोटिशीने स्वेच्छानिवृत्ती घेता येते. घ्यायची तर ती मंजूर होऊन कार्यमुक्तीचा कागद हातात येईपर्यंत उमेदवारीबद्दल कुठेही बोलू नका.

नगरसेवक झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात माझ्या प्रभागातली चार मुलं घरी आली. "साहेब, आमच्यावरच्या केसेस मागे घ्यायचं बघा. तुम्हाला सगळं माहीत आहे." हो, माहीत होतं. टेबलाच्या त्या बाजूला मी एकवीस वर्षं बसलो होतो. कागद पाहिले, दोन प्रकरणांत अर्ज कुणाकडे करायचा ते सांगितलं. तिसऱ्यात पोलिसाला मारहाण होती, त्यात माझं नावही घेऊ नका म्हणालो. पुढच्या निवडणुकीत ती मतं माझी नव्हेत हे तेव्हाच कळलं.

राजकारणात वकिलाला सर्वांत अवघड जातं ते हे, की इथे अशीलच नसतो. मत देणाऱ्याने वकीलपत्र दिलेलं नसतं, ज्याने विरोधात मत दिलं त्याचीही गटार तुम्हीच साफ करून घ्यायची असते, आणि तुमच्या वतीने निर्णय घेणारं कुणी नसतं. कंपनीत आणि सरकारात मी सल्ला द्यायचो, निर्णय दुसऱ्याचा असायचा. सभागृहात हात वर करायचा तो माझा. पहिलं वर्षभर मी लोकांना "हे नगरपरिषदेच्या अधिकारात येत नाही" असं सांगत राहिलो. उत्तर बरोबर होतं. पण समोरची बाई पाणी येत नाही म्हणून आलेली असते, तिला अधिकारक्षेत्र ऐकायचं नसतं. नंतर मी अर्ज स्वतः लिहून, योग्य कार्यालयाचं नाव घालून, पोच घ्यायला सांगून देऊ लागलो. एवढ्याने फार फरक पडला.

वकिली चालू ठेवता येते. आमदार-खासदारांना वकिलीची मनाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. नगरसेवकाला मात्र आणखी एक कुंपण आहे: १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे परिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध खटल्यात वकील म्हणून गुंतलात तर पद जाऊ शकतं. अशिलातर्फे तुमचा व्यावसायिक संबंध असलेल्या विषयावर बाजूने मत दिलंत तरी तेच. मी दर सभेआधी कार्यक्रमपत्रिका घेऊन माझ्या जुन्या-नव्या अशिलांची नावं तपासत असे. सात वर्षं कॉम्प्लायन्स केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि सभागृहातल्या इतरांना ते सुचतही नाही.

आता वहीचं. नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे: विकास आराखड्यात आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन किंवा संपादनाची खरी कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण संपतं. शाळेचं मैदान, बाग, दवाखाना, जे काही आराखड्यात होतं ते पुसलं जातं आणि मालकाला बांधकामाची वाट मोकळी होते. नुसता ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणं ही कारवाई धरली जात नाही, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्येच ठरलं आहे. अशी नोटीस नगरपरिषदेत आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, नोंदली जाते आणि मग एखाद्या टेबलावर पडून राहते. कधी निष्काळजीपणाने, कधी नाही. चोवीस महिने मुकाट्याने जातात आणि गावाचं मैदान जातं. कुणी चोरलं असं म्हणायला जागाही राहत नाही.

मी पहिल्या वर्षी नगररचना विभागात बसून अशा सगळ्या नोटिशींच्या तारखा माझ्या वहीत उतरवल्या. कारखान्यातली पद्धत तीच, मुदतीच्या आधी लाल शाईची तारीख. प्रत्येक लाल तारखेला सभेत लेखी प्रश्न. तीन भूखंडांपैकी एकाचं संपादन झालं, तिथे आज मुलं खेळतात. दुसऱ्याला पैसे उभे राहिले नाहीत, तो गेला. तिसऱ्याच्या आरक्षणात फेरबदल करायचा ठराव बहुमताने आला. मी विरोध केला, इतिवृत्तात कारणांसह नोंदवून घेतला आणि नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. ठरावाची अंमलबजावणी तहकूब झाली. माझ्याच गटातले तीन सहकारी तेव्हापासून माझ्याकडे चहाला येत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, ते चांगले लोक आहेत.

परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढची निवडणूक डिसेंबर २०२५ पर्यंत झालीच नाही. मी ती लढवली नाही. त्या मधल्या काळात सभा नव्हती, लेखी प्रश्न नव्हता, पण कलम १२७ ची घड्याळं थांबली नव्हती. म्हणून मी साध्या नागरिकासारखा दर तिमाहीला माहिती अधिकारात अर्ज करत राहिलो आणि आलेल्या तारखा वहीत लिहीत राहिलो. डिसेंबरात निवडून आलेल्यांत एक तरुण वकील आहेत, दुसऱ्या पक्षाचे. निकालाच्या चौथ्या दिवशी ती वही मी त्यांच्या घरी नेऊन दिली. पुढच्या लाल तारखेला किती दिवस उरले आहेत ते त्यांनी पान उघडून लगेच मोजलं.